किती वॅटचं मशीन घ्यावं? त्याआधी लाइनवरचा लोड मोजा

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या राजेंद्रनगर भागात एका मराठी मंडळाची नवी वास्तू उभी राहते आहे. वर अडीचशे खुर्च्यांचं सभागृह, खाली पंगतीचा हॉल, कार्यालय, जिना-व्हरांडा आणि पुढे अंगण. अ‍ॅम्प्लिफायरसाठी तीन कोटेशनं आली आहेत. एकात ५०० वॅटचं एकच मशीन, दुसऱ्यात २५० वॅटची दोन, आणि तिसरं ऑनलाइन मिळणारं ‘२००० वॅट’चं, जे तिघांत स्वस्त आहे. मंडळाच्या कार्यवाहांनी विचारलंय, कोणतं घ्यावं?

नमस्कार. तिन्ही कोटेशनं नीट वाचली. तिन्हींत मशीनचे वॅट ठळक लिहिलेत. पण अंगणातले दोन भोंगे सोडले तर कुठे किती स्पीकर, प्रत्येक स्पीकर किती वॅटवर जोडणार, लाइन १०० व्होल्टची की ८ ओहमची, वायर किती स्क्वेअर एमएमची, यातलं एकातही काही नाही. पंगतीला माणसं किती हे न विचारता कोणी पातेलं विकत घेत नाही, मग मशीन तरी असं का घ्यावं?

मशीन सगळ्यात शेवटी ठरतं. ऐकणारा माणूस कुठे बसणार आहे ते आधी बघायचं. मग त्याच्यासाठी कोणता स्पीकर, तो किती वॅटवर, तिथपर्यंत वायर किती लांब. ही बेरीज झाली की मशीनचा आकडा त्यातूनच निघतो. इंदूर, देवास, पीथमपूर, उज्जैन या पट्ट्यात मी तीस वर्षं हेच काम करतोय. जळून माझ्या टेबलावर आलेल्या मशीनांपैकी बहुतेक चांगल्या बनावटीची होती. त्यांच्यावर कोणीतरी न मोजता लोड टाकला होता, एवढंच.

पीथमपूरच्या एका कारखान्यातलं सांगतो. तिथे २५० वॅटचं मशीन एका वर्षात तीनदा गेलं. प्रत्येक वेळी आउटपुटचे ट्रान्झिस्टर उडालेले. दोनदा इंदूरच्या महाराणी रोडच्या बाजारातून ट्रान्झिस्टर आणून बदलले, तिसऱ्यांदा अख्खं मशीन नवं आणलं, तेही चार महिन्यांत बसलं. मग मला बोलावलं. सुपरवायझर म्हणाले, “बारा भोंगे आहेत, प्रत्येक पंधरा वॅटवर. बारा पंधरे एकशे ऐंशी. अडीचशेच्या मशीनला हे जड कसं होईल?” हिशेब बरोबर होता. मी मशीनच्या मागची पट्टी बघितली. ‘कॉम’ आणि ‘१०० व्होल्ट’ या दोन स्क्रूंवर लाइन बांधलेली होती, तिथेही चूक नाही. मग दोन्ही तारा सोडवल्या आणि त्यांना इम्पिडन्स मीटर, म्हणजे लाइनवरचा खरा लोड ओहममध्ये दाखवणारा मीटर, लावला. काटा २२ ओहमवर थांबला.

ओहम जितके कमी तितका मशीनवर भार जास्त. २५० वॅटच्या मशीनला १०० व्होल्टच्या लाइनवर ४० ओहमच्या खाली लोड चालत नाही. सूत्र सोपं आहे. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट म्हणजे ओहम. १०० चा वर्ग १०,०००. त्याला २५० ने भागलं की ४०. उलट बाजूने, १०,००० भागिले २२ म्हणजे जवळजवळ ४५०. म्हणजे लाइनवर साडेचारशे वॅट बसले होते, आणि सुपरवायझरांना एकशे ऐंशीच माहीत होते. उरलेले कुठून आले ते शोधायला शिडी घेऊन निघालो. मागच्या बाजूला दीड वर्षापूर्वी नवी शेड झाली होती. तिथे कारखान्याच्याच इलेक्ट्रिशियनने नऊ भोंगे वाढवून जवळच्या डबीतून लाइन ओढली होती. त्यातल्या पहिल्या भोंग्याचं झाकण उघडलं. आत मॅचिंग ट्रान्सफॉर्मर, त्यावर ५, १०, १५, ३० असे टॅप, म्हणजे भोंग्याने किती वॅट घ्यायचे ते ठरवणारे जोड, आणि लाल तार थेट ३० वर. उरलेल्या आठांतही तेच. आवाज जास्त यावा म्हणून त्या बिचाऱ्याने सगळ्यात मोठा आकडा निवडला होता. नऊ तिसे दोनशे सत्तर, वर आधीचे एकशे ऐंशी. बरोबर साडेचारशे.

ते नऊ भोंगे आम्ही १५ वर आणले आणि नव्या शेडला वेगळं मशीन दिलं. एका मशीनवर १८० वॅट, दुसऱ्यावर १३५. शेडमधल्या कामगारांना विचारलं, आवाज कमी झाला का? कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. याचं कारण तुम्हाला पुढे सतत उपयोगी पडेल. वॅट निम्मे केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो, आणि एवढा फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे दहापट वॅट. उलट, ऐकणारा स्पीकरपासून दुप्पट लांब गेला की उघड्या जागी ६ डेसिबल पडतात. म्हणून आवाज पोचत नसेल तर मोठं मशीन घेण्याआधी स्पीकर माणसाच्या जवळ नेता येतो का ते बघायचं. त्यात पैसे कमी जातात आणि शब्दही स्वच्छ येतात.

आता ही १०० व्होल्टची लाइन काय असते ते सांगतो, कारण तुमच्या निम्म्याहून जास्त वास्तूचं काम तिच्यावरच होणार आहे. घरात २३० व्होल्टच्या तारेवर ९ वॅटचे दहा बल्ब लावले की ९० वॅट लागतात. प्रत्येक बल्ब आपल्यापुरते वॅट घेतो, शेजारच्याशी त्याला देणंघेणं नसतं. १०० व्होल्टची लाइन तशीच. मशीन पूर्ण आवाजावर असताना लाइनवर १०० व्होल्ट येतात, आणि प्रत्येक स्पीकरमागचा छोटा ट्रान्सफॉर्मर त्यातून ३, ६, १०, जेवढा टॅप लावलाय तेवढेच वॅट उचलतो. सगळे स्पीकर समांतर जोडायचे आणि वॅटची बेरीज करायची. ८ ओहमच्या स्पीकरांत हे सोपेपण नाही. दोन समांतर जोडले की ४ ओहम, चार जोडले की २, आणि बरीच मशीनं तिथेच दम टाकतात.

लांब वायरचा हिशेबही बघा. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. स्पीकर १०० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २०० मीटर, म्हणजे २.४ ओहम. ८ ओहमचा स्पीकर थेट जोडला तर मशीनने दिलेल्या व्होल्टेजचा जवळजवळ चौथा हिस्सा वायरच खाते आणि स्पीकरला सुमारे ६० टक्केच वॅट मिळतात. त्याच तारेवर १०० व्होल्टच्या लाइनीने १०० वॅटचा लोड चालवला, तर लोड १०० ओहमचा असतो, त्याच्यापुढे २.४ ओहम किरकोळ. ९५ टक्के वॅट टोकाला पोचतात. रेल्वे फलाट, कारखाने, शाळा सगळीकडे हीच पद्धत दिसते त्याचं कारण हे.

एक सावधगिरी. साध्या मल्टिमीटरने ही लाइन मोजायला जाऊ नका. मल्टिमीटर ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीचा डीसी रोध दाखवतो, तो खऱ्या लोडपेक्षा बराच कमी असतो आणि लाइन चांगली असली तरी शॉर्ट आहे की काय असं वाटतं. आवाजाच्या फ्रिक्वेन्सीवर, साधारण १००० हर्ट्झवर मोजणारा इम्पिडन्स मीटर लागतो. तुमचं काम करणाऱ्याकडे तो आहे का, हे कोटेशन मान्य करण्याआधी विचारा. नसेल तर मी त्याला काम देणार नाही.

आता तुमच्या वास्तूकडे. एकाच मशीनवर सगळं घेऊ नका. सभागृह वेगळं ठेवा, बाकी वास्तू वेगळी. सभागृहात भाषणं होतील, तसंच भजनं, नाट्यसंगीत, मुलांची नाटकं होतील. तिथे आवाजाला भरीवपणा हवा आणि स्पीकर मशीनपासून जवळच आहेत. तिथे ८ ओहमचे चांगले स्पीकर आणि त्यांना वेगळं पॉवर अ‍ॅम्प्लिफायर. खाली पंगत, जिना, कार्यालय, अंगण इथे निवेदन ऐकू आलं आणि मागे हळू सनई वाजली की पुरे. तिथे १०० व्होल्टची लाइन आणि मिक्सिंग मशीन, म्हणजे मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच डब्यात.

सभागृहाचं गणित करू. तुम्ही दिलेलं माप ६० बाय ४० फूट, म्हणजे साधारण १८ बाय १२ मीटर. मागची रांग स्पीकरपासून सुमारे १६ मीटरवर. ९६ डेसिबल संवेदनशीलतेचे दोन स्पीकर धरले, म्हणजे १ वॅटवर १ मीटरला ९६ डेसिबल देणारे, तर १६ मीटरवर २४ डेसिबल उतरून ७२ राहतात. दोघांचे मिळून ७५ धरा. मागच्या माणसाला गाणं मनासारखं ऐकायला सरासरी ८५ हवेत, म्हणजे आणखी १०, म्हणजे प्रत्येक स्पीकरला १० वॅट. दहा वॅट! इथे लोक विचारतात, मग तीनशे वॅटचं मशीन कशाला? तर तबल्याची थाप, गायकाचा तारसप्तकातला एखादा सूर, नाटकातली किंकाळी ही सरासरीच्या १२ ते १५ डेसिबल वर क्षणभर जाते. १५ डेसिबल म्हणजे तीसपट. १० गुणिले ३० म्हणजे ३००. त्या क्षणासाठी मशीनमध्ये जागा नसेल तर सूर कापला जातो, आवाज फाटतो, आणि कापलेल्या आवाजाने सगळ्यात आधी स्पीकरमधला ट्विटर जळतो. बंद सभागृहात भिंतींवरून परतणारा आवाज थोडी मदत करतो, म्हणून प्रत्येक बाजूला ८ ओहमवर २५० ते ३०० वॅट देणारं दोन चॅनलचं मशीन तुम्हाला पुरेल. स्पीकरही तेवढे पेलणारे घ्या. स्पीकरच्या आरएमएस वॅटपेक्षा, म्हणजे तो सतत पेलू शकतो त्या वॅटपेक्षा, मशीन थोडं वरचं असावं असं मी नेहमी सांगतो, मात्र मशीनमध्ये लिमिटर, म्हणजे आवाज हद्दीबाहेर जाऊ न देणारी सोय, असेल आणि तो चालू ठेवणारा माणूस असेल तरच.

आकडा वाचताना ‘८ ओहमवर’ हे शब्द शोधा. एकाच मशीनच्या डब्यावर १२०० लिहिलेलं असतं आणि माहितीपत्रकात बारीक अक्षरात कळतं की ते दोन्ही चॅनल जोडून, ब्रिज करून आहे, ८ ओहमवर प्रत्येकी ३०० च आहे. यात खोटं काही नाही, पण तुमच्या स्पीकरला मिळणारा आकडा ३०० हा आहे.

खालच्या मजल्यावर पंगतीच्या हॉलमध्ये भिंतीवर आठ बॉक्स स्पीकर, प्रत्येक ६ वॅटच्या टॅपवर. ९० डेसिबलचा साधा बॉक्स ६ वॅटवर १ मीटरला सुमारे ९८ देतो, ४ मीटरवर ८६. पंगत भरात असताना भांडी, वाढपी आणि गप्पा मिळून सहज ७५ च्या घरात जातात. निवेदन त्याच्या वर १० डेसिबल असलं की ‘पुढची पंगत साडेबाराला’ हे ऐकू येतं. आठ सक अठ्ठेचाळीस वॅट. जिना आणि व्हरांड्यात ३ वॅटचे सहा, अठरा. कार्यालयात ३ वॅटचे दोन, सहा.

अंगणाचं जरा थांबून सांगतो. तुमच्या तिन्ही कोटेशनांत अंगणाला दोन भोंगे आहेत. माझं स्पष्ट मत आहे, तिथे भोंगे लावू नका. भोंग्याची संवेदनशीलता १०८ डेसिबलच्या आसपास असते. १५ वॅटवर तो १ मीटरला १२० डेसिबल देतो, आणि १६ मीटरवर, म्हणजे समोरच्या घराच्या खिडकीत, ९६. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. सार्वजनिक जागेत ध्वनिक्षेपक लावला तर त्या जागेच्या सीमेवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलहून वर जाता कामा नये, किंवा ७५ च्या वर. यातलं जे कमी ते लागू. म्हणजे तुमच्यासाठी दिवसा ६५. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. याखेरीज मध्य प्रदेशात कोलाहल नियंत्रण अधिनियम, १९८५ आहे. पोलीस आले तर काय, हा प्रश्न बाजूला ठेवू. समोरच्या खिडकीत कोणाची म्हातारी आई झोपलेली असेल, कोणाची बोर्डाची परीक्षा असेल. मंडळ त्याच गल्लीत पुढची पन्नास वर्षं राहणार आहे.

त्याऐवजी अंगणात दोन छोटे पावसात टिकणारे कॉलम स्पीकर, कमरेपेक्षा थोडे वर, तोंड आत, पाठ रस्त्याकडे, प्रत्येक १० वॅटच्या टॅपवर. कॉलम उभा लावला की आवाज आडवा पसरतो आणि वर-खाली कमी जातो, त्यामुळे माणसांना मिळतो आणि वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत कमी शिरतो. आडवा टांगला तर बरोबर उलट होतं, आणि मी अनेक कार्यालयांत तो आडवा टांगलेला पाहिलाय. अंगणाचे २० वॅट धरा. रोजच्या कार्यक्रमाला टॅप ५ वरही पुरेल. लावून झाल्यावर कुंपणाशी उभं राहून डेसिबल मोजा आणि मगच आवाजाची खूण पक्की करा.

बेरीज: ४८, १८, ६ आणि २०. एकूण ९२ वॅट. मशीन कधीही गळ्यापर्यंत भरू नका. लोड मशीनच्या ८० टक्क्यांपर्यंतच ठेवा. ९२ ला ०.८ ने भागलं की ११५. बाजारात १२० आणि १६० अशी मशीनं मिळतात. तुम्ही १६० चं घ्या. उद्या पार्किंगमध्ये चार स्पीकर वाढवावेसे वाटले तर जागा राहील. म्हणजे तुम्हाला ५०० चं एक नको, २५० ची दोनही नकोत. वर दोन चॅनलचं पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आणि छोटा मिक्सर, खाली १६० वॅटचं १०० व्होल्टवालं मिक्सिंग मशीन. मिक्सरच्या ऑक्स आउट या जादा आउटपुटमधून खालच्या मशीनच्या लाइन इन या इनपुटला एक तार न्या, म्हणजे वरचं कीर्तन खाली पंगत वाढताना बायकांनाही ऐकता येईल. माझी आई अशाच एका स्वयंपाकघरात पुरणपोळ्या करत उभी असायची आणि वरचं काहीच तिला ऐकू जायचं नाही. ही एक तार मी कधी विसरत नाही.

त्या २००० वॅटवाल्याबद्दल. मशीनच्या मागे वीज किती घेतं ते छापलेलं असतं. आत जेवढी वीज जाते त्यापेक्षा जास्त आवाज सतत बाहेर येऊ शकत नाही. जुन्या पद्धतीचं, एबी वर्गाचं मशीन पूर्ण आवाजावर आत गेलेल्या विजेपैकी फार तर ६० टक्के स्पीकरला देतं, बाकी उष्णता. डी वर्गाचं ८५-९० टक्के देतं. मागे १२० वॅट वापर लिहिलेला असेल आणि पुढे २०००, तर तो आकडा पीएमपीओ, म्हणजे जाहिरातीसाठी फुगवलेला क्षणभराचा आकडा आहे, तो सोडून द्या. पूर्वी आम्ही मशीन हातात तोलून पारख करायचो, कारण आतला ट्रान्सफॉर्मर जड असे. आता डी वर्गाची हलकी मशीनंही उत्तम असतात, तेव्हा वजनावर जाऊ नका. आरएमएस किती, किती ओहमवर, हे दोन प्रश्न पुरेत.

आणखी एक फसवी जागा म्हणजे अमेरिकी पद्धतीचे ७० व्होल्टचे स्पीकर. ते १०० व्होल्टच्या लाइनला जोडले की प्रत्येक टॅप दुप्पट वॅट ओढतो. ६ लिहिलंय तिथे १२. आठ स्पीकर म्हणजे ४८ चे ९६ झाले आणि मशीनची सगळी शिल्लक संपली. विकत घेताना डबीवर १०० व्होल्टचे टॅप छापलेत ना ते बघा.

बासचं बटण हा माझा जुना मुद्दा. लाइनचे छोटे ट्रान्सफॉर्मर खोल, खर्जाच्या आवाजाला पुरत नाहीत. त्यांचा गाभा भरून जातो आणि त्या क्षणी मशीनला लाइन शॉर्ट झाल्यासारखी वाटते. भोंग्याच्या युनिटचा पडदा तर खर्जाने सरळ फाटतो. खालच्या मशीनवर बास मध्याच्या खालीच ठेवा, ‘स्पीच’ फिल्टरचा खटका असेल तर चालू ठेवा. ढोलाची धमक सभागृहात घ्या, जिन्यात नको.

माईकमधून शिट्टी येते म्हणून मोठं मशीन मागणारे खूप भेटतात. शिट्टी वॅटने जात नाही. स्पीकर वक्त्याच्या पुढे आणा, माईक तोंडाजवळ घ्या, उघडे पण न वापरलेले माईक बंद करा. कंडेन्सर माईक घेणार असाल तर मिक्सरमध्ये ४८ व्होल्टची फँटम सोय, म्हणजे माईकच्या तारेतूनच त्याला वीज देण्याची सोय, आहे का बघा. निवेदनाच्या साध्या मशीनांत ती प्रत्येक इनपुटला असतेच असं नाही. कार्यालयातल्या स्पीकरला भिंतीवर आवाजाचं बटण लावा, त्याचे वॅट स्पीकरच्या टॅपपेक्षा कमी नकोत. आग किंवा घाईच्या वेळी ते बटण बंद असलं तरी सूचना जावी अशी बायपासची तार आधीच टाकून ठेवा, भिंत रंगल्यावर होत नाही. अग्निशमन विभागाने ध्वनिसूचनेची पूर्ण यंत्रणा मागितली, तर ती लाइनवर सतत लक्ष ठेवणारी वेगळी यंत्रणा असते. हे मशीन तिच्या जागी चालवू नका.

वीज गेली की निवेदन बंद पडू नये. मिक्सिंग मशीनच्या मागे २४ व्होल्ट डीसीचे टर्मिनल असलेलंच घ्या आणि १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडा. १६० वॅटचं मशीन पूर्ण जोरावर तोटा धरून ११-१२ अँपिअर घेईल, पण बोलण्याची सरासरी त्याच्या कितीतरी खाली असते. ४० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्यांवर संध्याकाळ निघते.

मशीन कुठे ठेवणार? तुमच्या नकाशात ते जिन्याखालच्या लाकडी कपाटात, दार लावून आहे. तिथे नको. मे महिन्यात इंदूरला बाहेरच पारा चाळिशीच्या वर असतो, बंद कपाटात आणखी वर. मशीनच्या वर आणि मागे वारा खेळायला जागा हवी. दर सहा महिन्यांनी पंख्याची जाळी ब्रशने साफ करा. रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीनंतर, राजवाड्याकडून जी मशीनं माझ्याकडे येतात, त्यांच्या पंख्यात आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीट सिंकच्या फटींत गुलालाचा थर बसलेला असतो. तो ओला होऊन चिकटला की वारा जातच नाही आणि मशीन आतल्या आत भाजून निघतं. तुमच्याकडेही गणपतीत गुलाल उधळला जाईलच. मिरवणूक निघेपर्यंत मशीनवर स्वच्छ कापड आणि मेन स्विच बंद, एवढं एका कार्यकर्त्याला सांगून ठेवा.

घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉप आणि मिक्सर यांच्या मधल्या आवाजाच्या तारेवर छोटा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. अर्थिंगची पिन कापून तो आवाज घालवणारा माणूस आला तर त्याला हात लावू देऊ नका. माईक धरणाऱ्याच्या जिवाशी तो खेळतोय. १०० व्होल्टची लाइन पूर्ण आवाजावर झटका देते, तेव्हा तिला स्वतःचा पाइप, झाकलेले जोड. २३० व्होल्टच्या किंवा माईकच्या तारांबरोबर एकाच पाइपात नको. वायर वर सभागृहात अडीच स्क्वेअर एमएम, खाली दीड.

काम संपलं की बिल देण्याआधी हे करून घ्या. मशीनच्या मागची लाइन सोडवून इम्पिडन्स मीटर लावायला सांगा. ९२ वॅटच्या लोडला सुमारे १०९ ओहम यायला हवेत. मीटर थोडा इकडेतिकडे दाखवेल, शंभरच्या आसपास आलं तरी हरकत नाही. ७० आले तर कुठेतरी टॅप चुकलाय, आणि १६० च्या मशीनला ६२ च्या खाली तर चालतच नाही. हजारांत आले तर लाइन कुठे तरी तुटलीय. चांगला आकडा आला की तो तारखेसह, प्रत्येक खोलीतल्या स्पीकरच्या टॅपसकट, एका कागदावर लिहा आणि मशीनच्या रॅकच्या आतल्या बाजूला चिकटवा. पाच वर्षांनी पार्किंगमध्ये स्पीकर वाढवायला जो कोणी शिडी घेऊन येईल, त्याने आधी तो कागद वाचावा.